आजोबांचं नाव काय?

नोकरीची वीस-बावीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत आलो. पुरावा काय? डोमिसाइलला पुरावा, नॉन-क्रिमिलेअरला पुरावा, जातीच्या दाखल्याला तर पुराव्यावर पुरावा. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटके-विमुक्त असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीतले असाल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. समोर उभ्या माणसाचं गाव, भावकी, बांधाची भांडणं सगळं मला ठाऊक असायचं. तरी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची ती एक ओळ सापडेपर्यंत कागदोपत्री तो कुणीच नसायचा. मी मंगळवेढ्याकडचा. नायब तहसीलदार असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा म्हटलं, सुटलो बुवा. आणि वर्षाच्या आत, नोव्हेंबर २०१० मध्ये, नाईलच्या एका उपनदीकाठी चिंचेसारख्या दिसणाऱ्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी दुभाष्याला सांगत होतो, "त्यांना विचारा, १ जानेवारी १९५६ च्या आधी यांचे वाडवडील कुठे होते?"

तारीख बदलली होती, बाकी खुर्ची तीच.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत निवडणूक-कामाचा अनुभव असलेली माणसं हवी होती. महसूल खात्यातल्या माणसाजवळ दुसरं काही नसलं तरी तेवढं असतंच. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मतपेट्या वाहिलेल्या, रात्री दोनला साहित्य जमा केलेलं, झोनल ऑफिसरच्या शिव्या खाल्लेल्या. अर्ज केला, फोनवर मुलाखत झाली, बोलावणं आलं. बायको म्हणाली, "इथं इलेक्शन ड्युटी चुकवायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधत फिरायचात, आणि आता विमानात बसून ड्युटीला निघालात?" यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सुदान तेव्हा एकच देश होता. आफ्रिकेतला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा. उत्तरेत खार्टूमचं अरबी भाषक, मुस्लिम सरकार. दक्षिणेत डिंका, न्यूअर, शिलुक, अझांदे, बारी आणि अशाच साठ-बासष्ट जमाती, बहुतेक ख्रिस्ती किंवा आपापल्या देवांच्या. १९५६ च्या १ जानेवारीला देश स्वतंत्र झाला. दक्षिणेतलं बंड त्याच्याही आधी, १९५५ मध्येच सुरू झालेलं. ते १९७२ पर्यंत चाललं, दहा-अकरा वर्षं दम खाल्ला, १९८३ मध्ये पुन्हा पेटलं आणि २००५ पर्यंत जळत राहिलं. दुसऱ्या खेपेला मेलेल्यांचा अंदाज वीस लाखांचा सांगतात. लढाईपेक्षा भुकेनं आणि रोगानं मेलेले जास्त. ९ जानेवारी २००५ ला समझोता झाला. सहा वर्षं एकत्र राहून बघा आणि मग दक्षिणेच्या लोकांनी मतदान करून ठरवावं, नांदायचं की फारकत घ्यायची. गंमत म्हणजे दक्षिणेचा सगळ्यात मोठा नेता जॉन गरांग स्वतः फुटून निघण्याच्या बाजूचा नव्हता, त्याला सगळ्यांचा नवा सुदान हवा होता. उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर तीन आठवड्यांत, ३० जुलै २००५ ला, हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याची तसबीर घरोघरी होती. त्याचं ते म्हणणं मात्र मला कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही.

खार्टूम, मग जुबा, मग मलाकाल. मलाकालला संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भारतीय पलटण होती, गेटवरच्या जवानानं पासपोर्ट बघून "कुठले?" विचारलं आणि संध्याकाळी डाळ-भात मिळाला. तो शेवटचा डाळ-भात. तिथून हेलिकॉप्टरनं आमच्या काउंटीत. दक्षिणेत अशा ७९ काउंट्या, म्हणजे आपले तालुके समजा, फक्त रस्ते वजा करून. माझ्या वाट्याची काउंटी सोबात नदीच्या अंगाची होती. पावसाळा नुकता सरलेला. हेलिकॉप्टरमधून उतरलो आणि बूट चिखलात गेला. उपसून बघतो तर काय, आमचीच काळी माती! तीच चिकण, तीच उन्हानं भेगाळणारी. आठवड्यानं तीच माती अशी वाळली की भेगेत हाताचा पंजा मावेल. आणि जेवायला काय, तर 'दुरा'. दुरा म्हणजे ज्वारी. तिची आंबवलेल्या पिठाची पातळ 'किस्रा' करतात, आपल्या आंबोळीची चुलत बहीण, किंवा शिजवून घट्ट गोळा करतात, तो 'असिदा'. सॅटेलाइट फोनवर आईला सांगितलं, ज्वारीच खातोय. ती म्हणाली, "मग मंगळवेढ्यात काय ज्वारीचा दुष्काळ पडला होता?"

भाषेनं पहिल्या दिवशीच फजिती केली. पाणी मागावं तर पोरगा हसून म्हणे, "मोया माफी." चहात साखर मागावी, "सुकर माफी." मला वाटलं, काय नम्र लोक आहेत, साध्या गोष्टीला माफी मागतात! दोन दिवसांनी दुभाष्यानं उलगडा केला. तिथल्या अरबीत 'माफी' म्हणजे 'नाही, नाहीये'. पाणी नाहीये. साखर नाहीये. रस्ता माफी, वीज माफी, दवाखाना माफी. पुढचे चार महिने हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकला आणि शेवटी शेवटी वापरूही लागलो.

हा दुभाषा शाळामास्तर होता. न्यूअर. लहानपणी युद्धातून पळून इथिओपियात इटांगच्या निर्वासित छावणीत वाढला, तिथंच इंग्रजी शिकला. मला 'उस्ताज' म्हणे. मीही त्याला मास्तर म्हणायचो, म्हणजे दोघंही एकमेकांना तेच म्हणत होतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही.

काम काय होतं ते सांगतो. मतदानाआधी मतदार नोंदणी, १५ नोव्हेंबरपासून. आधी १ डिसेंबरपर्यंत ठरली होती, मग ८ पर्यंत वाढवली. आमची जागा सल्लागाराची: निर्णय स्थानिक समितीचा, आम्ही फक्त कानाशी लागायचं. पण प्रश्न असा की मतदार कोण? कायदा सांगत होता की आई किंवा बाप, कुणीतरी एक, १ जानेवारी १९५६ च्या आधीपासून दक्षिणेत असलेल्या मूळ जमातीतला हवा. किंवा वंशाचं मूळ तिथल्या एखाद्या जमातीपर्यंत नेता आलं पाहिजे. किंवा स्वतः, नाहीतर आईबाप-आजीआजोबा, तेव्हापासून अखंड तिथे राहत असले पाहिजेत. ठीक. आता पुरावा काय? जन्मदाखला माफी. शाळेचा दाखला माफी. ज्या गावात पन्नास वर्षांत तीनदा आग लागली तिथे कागद कुठून असणार? म्हणून केंद्रावर एक ओळख पटवणारा बसवायचा. तो म्हणजे गावचा मुखिया, 'सुलतान'. नाव भारदस्त, पण माणूस फाटक्या बुटातला, खांद्यावरून तिरपा लाल पट्टा, हातात काठी. तो "हो, आमचा आहे" म्हणाला की नोंद. "नाही" म्हणाला तर समितीकडे दाद.

पहिले दोन दिवस मला हा प्रकार फार अशास्त्रीय वाटला. तिसऱ्या दिवशी विचार उलटला. आमच्याकडे दाखला शोधायला माणूस मोडी वाचणाऱ्यापासून रेकॉर्ड रूमच्या शिपायापर्यंत हेलपाटे घालतो, आणि इथं एक म्हातारा पोराकडे बघून चार मिनिटांत निकाल देतो, तोही बहुतेक वेळा बिनचूक.

एक प्रसंग मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवसांत उत्तरेतून माणसं परतत होती. कोस्तीच्या बंदरातून बार्जवर बसून नाईलनं दक्षिणेकडे, पंधरा-पंधरा दिवसांचा प्रवास. लोखंडी पलंग, टेबलफॅन, कपाटं, दरवाजेसुद्धा सोबत. जिथे वीज नाही तिथे पंखा घेऊन आलेली माणसं. त्यातलाच एक विशीतला मुलगा रांगेत आला. जन्म खार्टूमचा, जीन्स, केसांना तेल, बोलणं अस्सल अरबी. कपाळ कोरं. सुलतानानं त्याच्याकडे बघितलं, काही बोलला नाही, नुसती काठी जमिनीवर टेकवली. मास्तर माझ्या कानाशी म्हणाला, "आता नावं विचारतील."

न्यूअर पोराला आपले वाडवडील म्हणता यावे लागतात. स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं, असं वर वर चढत जायचं. आमच्याकडे पिंडाला तीन पिढ्या लागतात आणि त्याही गुरुजींनी विचारल्यावर बायकोकडे बघून सांगतो आपण. सुलतान काठी हळूहळू आपटत होता, एका नावाला एक ठोका. मुलानं स्वतःचं सांगितलं, बापाचं, आजोबांचं, आणि पणजोबांवर अडकला. ओठ हलले, आवाज नाही. मागे रांग गप्प झाली. मुलाचा चेहरा असा झाला होता की मला आमच्या कार्यालयातल्या खिडकीपलीकडचे चेहरे आठवले, "साहेब, मूळ गाव पाण्याखाली गेलंय हो धरणात" म्हणणारे. तेवढ्यात दोरीपलीकडून एक थरथरता आवाज आला. त्याची आजी. सामानाच्या गाठोड्यावर बसलेली. तिनं बसल्या जागेवरून पणजोबांचं नाव घेतलं, मग त्यांच्या बापाचं, मग पुढचं, पुढचं, सलग, दळताना ओवी म्हणावी तशी. सातव्या की आठव्या नावाला सुलतानही तिच्याबरोबर म्हणू लागला. दोघांची नावं तिथून पुढे एकच होती.

नोंद झाली. अंगठा उमटला, कार्ड मिळालं. मुलगा निळा अंगठा जीन्सला पुसत बाहेर गेला आणि आजीच्या पायाशी बसला.

मी त्या रात्री तंबूत डायरीत लिहिलं, "यापेक्षा चांगली पडताळणी समिती बघितली नाही." ते वाक्य मला पुढे फार टोचलं.

कपाळाबद्दल सांगायचं राहिलं. न्यूअर मुलगा वयात आला की त्याच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा आडव्या रेघा कापतात. हाडापर्यंत. रडायचं नाही, हलायचं नाही. डिंकांच्यात बऱ्याच ठिकाणी व्हीच्या आकाराच्या रेघा. शिलुकांच्या भुवयांवर मण्यांची माळ ओवावी तसे टिंबटिंब फोड. नव्या पिढीत बरेच जण टाळतात. मास्तरच्या कपाळावर होत्या, सहाही. मी त्याला आमच्याकडे 'कपाळी लिहिलेलं' म्हणजे काय ते समजावलं. सटवाई पाचव्या रात्री येऊन लिहून जाते आणि ते कुणाला वाचता येत नाही. तो खूप हसला. "आमचं सगळ्यांना वाचता येतं," म्हणाला.

आता माझी चूक. नोंदवहीत नावासाठी लांबलचक रकाना होता. तिकडे माणसाला आडनाव नसतं, स्वतःचं, बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं अशी चार नावं लिहायची पद्धत. एकेका नोंदीला वेळ लागत होता, उन्हात बाया चक्कर येऊन बसत होत्या. आमची वेग वाढवायची सवय उसळली. मी म्हटलं, दोन नावं पुरेत, आपलं आणि बापाचं. आम्ही नाही का, नाव आणि आडनावावर भागवतो? कारकून शिक्षकच होते, त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. मास्तर "उस्ताज, पण..." एवढं म्हणाला होता, हे नंतर आठवलं. दोन केंद्रांवर चार दिवस ही दोन-नावी नोंदणी चालली. मग केनियाची आमची सहकारी तपासणीला आली, वही चाळली आणि माझ्यासमोर धरली. एका पानावर तीन गॅटलुआक, तिघांच्या बापाचं नाव एकच. पुढच्या पानावर दोन न्याकुओथ, तेच. ज्या गावात सगळ्यांना एकमेकांचे आठ-आठ पूर्वज पाठ आहेत तिथे मी माणसांना कापून निम्मं केलं होतं. वह्या परत लिहिता येत नव्हत्या, अनुक्रमांक छापील होते. "कार्डावर नंबर आहे, निभेल," असं ठरलं.

ही केनियन बाई एल्डोरेटकडची. २००७ च्या डिसेंबरातली त्यांच्याकडची निवडणूक तिनं केंद्रावर बसून पाहिलेली आणि नंतरचे दोन महिनेही, ज्यात हजारावर माणसं मारली गेली, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची. आम्ही बाकीचे मोहरून गेलो होतो. एक देश आपल्या हातांनी जन्माला येतोय ही काही रोजची गोष्ट नाही. ती मोहरली नव्हती. एकदा कंदिलाच्या उजेडात फॉर्म मोजता मोजता म्हणाली, "आज यांना विचारा तुम्ही कोण, तर म्हणतात आम्ही खार्टूमचे नाही. खार्टूम गेल्यावर काय म्हणतील?" मी म्हटलं, दक्षिण सुदानी म्हणतील. तिनं फक्त नोंदवहीकडे बोट केलं. त्या वहीत जमातीमार्गे आल्याशिवाय कुणी आत येतच नव्हतं.

मला तेव्हा ते खवचटपणाचं वाटलं. आज वाटत नाही, पण दुसरा उपाय काय होता तेही मला सुचत नाही. कागद नसलेल्या देशात माणसाची साक्ष त्याची जमातच देते. शांततेच्या नावानं सहा वर्षांत जे आलं त्यातलं माझ्या डोळ्यांसमोरचं बहुतेक सगळं या एका मतदानाच्या रोखानं आलं होतं: पेट्या, शाई, छपाई, हेलिकॉप्टर, आमच्यासारखी माणसं. आपसात बोलायचं काय, गुरं पळवण्यावरून पडलेल्या खुनांचं काय, १९९१ मध्ये बोरला न्यूअर फौजांनी डिंकांची जी कत्तल केली तिचं काय, हे सगळं "मतदान होऊ दे, मग बघू" या फडताळात. आमच्या पाड्याशेजारी गुरांच्या छावणीत पंधरा वर्षांची पोरं कलाश्निकोव्ह काखेत मारून बैलांना गाणी म्हणायची. कुणी त्यांना विचारलं नव्हतं की ही बंदूक आता कुणासाठी. एप्रिल २०१० च्या निवडणुकीत गव्हर्नरपद हुकलेला जॉर्ज अथोर नावाचा जनरल बंड करून बसला होता, आमच्याच पट्ट्यात. ५ जानेवारीला, मतदानाला चार दिवस असताना, त्यानं शस्त्रसंधी केली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

९ जानेवारी २०११, रविवार. पहाटे तीनला कुजबुजीनं जाग आली. तंबूतून डोकं काढलं तर काळोखात रांग. बाया कोऱ्या कपड्यात, म्हातारे भाल्याच्या आधारानं, काही जणांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात ताईतासारखं बांधलेलं. मी पस्तीसएक निवडणुका केल्या असतील, अशी शांत रांग बघितली नाही. आमच्याकडे रांगेत निदान चहाची चौकशी तरी होते.

मतपत्रिकेवर दोन चित्रं, इंग्रजी आणि अरबी मजकूर. एकमेकांत गुंफलेले दोन हात म्हणजे एकत्र राहणं, उंचावलेला एकच उघडा पंजा म्हणजे वेगळं होणं. लोकांनी या पंज्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता: टाटा. बाय-बाय. बाहेर पोरं एकमेकांना पंजा हलवून दाखवत पळत होती. चित्राशेजारच्या वर्तुळात अंगठ्याचा ठसा, मग पेटीत घडी, मग बोट शाईच्या बाटलीत. अडचण म्हाताऱ्या माणसांची. हातात हात हे तिथे भेटीचं, गोडीचं चित्र. एक आजी मतपत्रिका उलटीपालटी करून मास्तरला विचारत राहिली, "यातलं चांगलं कोणतं?" त्याला सांगता येत नव्हतं, नियम. त्यानं दोन्हीचा अर्थ पुन्हा सांगितला. तिनं पुन्हा विचारलं. चौथ्या वेळी तो माझ्याकडे बघू लागला आणि मी आभाळाकडे.

माझे गॅटलुआक दुसऱ्या दिवशी उगवले. तिघंही एकदम, आणि एकाचं कार्ड बैलानं खाल्लेलं. खरंच बैलानं, त्याच्या भावानं शपथेवर सांगितलं. यादीत तीन सारखी नावं, यातला तू कोणता? पाऊण तास गेला. शेवटी तिघांचे अंगठे नोंदवहीतल्या ठशांशी भिंगानं ताडले, सुलतानाला बोलावलं, त्यानं तिघांचे आजोबा-पणजोबा म्हणून दाखवले आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की तहसीलदारानं तलाठ्याकडे टाकावी.

मतदान सात दिवस होतं. नोंदलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी मत दिलं तरच निकाल ग्राह्य, अशी अट. ती चौथ्या दिवशीच पार झाल्याचं जुबातल्या पुढाऱ्यांनी सांगितलं. १५ ला संध्याकाळी पेटी तिथेच उघडली, चटईवर. बॅटऱ्या लावून. केंद्राध्यक्ष एकेक घडी उलगडून आधी सगळ्यांना दाखवायचा, मग पुकारायचा: "इन्फिसाल." फारकत. "इन्फिसाल." "इन्फिसाल." तासाभरानं त्याचा घसा बसला, दुसऱ्यानं सूर उचलला. मग एक घडी उलगडली आणि तो थांबला. दोन हातांवर ठसा, स्पष्ट. "वहदा," तो म्हणाला. एकता. क्षणभर बॅटऱ्यांभोवतीचे किडे तेवढे ऐकू आले. मग मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. मला नाही हसू आलं. हजारभर मतांत एकच. गावाला उद्या कोण ते शोधायची हुक्की आली तर? मी आजीचा विचार करत होतो. मास्तरही तोच करत असावा, कारण त्यानं कागद पटकन दुसऱ्या गठ्ठ्यावर पालथा ठेवला. दोन्ही चित्रांवर ठसे उमटवलेल्या चार मतपत्रिका बाद झाल्या. त्या चौघांचं म्हणणं मला सगळ्यात नीट समजलं असं आज वाटतं.

तक्त्याचा मेळ तीन मतांनी बसेना. रात्री अडीचला बसला. चुकून दोन पत्रिका एकमेकींत अडकल्या होत्या आणि एक आकडा चुकीचा लिहिला गेला होता. हे मात्र अगदी मंगळवेढ्यासारखं.

अंतिम निकाल ७ फेब्रुवारीला खार्टूममध्ये जाहीर झाला. वेगळं होण्याच्या बाजूनं ९८.८३ टक्के, ३७ लाख ९२ हजार ५१८ मतं. एकत्र राहण्याच्या बाजूनं ४४ हजार ८८८. त्यात आमची एक. दोनच दिवसांनी जोंगलेई राज्यात फांगाकला अथोरच्या माणसांची आणि सैन्याची पुन्हा जुंपली, शंभराहून जास्त मेले. ती बातमी आम्ही मलाकालला परतीच्या विमानाची वाट बघत ऐकली. आनंदाच्या धबडग्यात ती कुणी फार मनावर घेतली नाही. मीही नाही. माझी बॅग भरलेली होती.

९ जुलैला घरी टीव्हीवर झेंडा चढताना बघितला. राष्ट्रगीत जुबा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. नाव काय ठेवायचं यावरही बरीच चर्चा झाली होती म्हणे. अझानिया, नाईल रिपब्लिक, बायबलातलं कुश. शेवटी दक्षिण सुदानच. मला ते खटकलं होतं. वेगळं निघालेल्या भावानं पाटीवर नाव थोरल्याचंच ठेवावं आणि पुढे फक्त दिशा लिहावी तसं. पाच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचा १९३ वा सदस्य झाला तो देश. मी पेढे वाटले. लोकांना वाटलं मुलीचं ठरलं.

१५ डिसेंबर २०१३ च्या रात्री जुबात राष्ट्राध्यक्षांच्या रक्षक दलातच गोळीबार सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर डिंका, जुलैत काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार न्यूअर. भांडण सत्तेचं होतं. ते जमातींचं व्हायला एक रात्र पुरली. सैनिक घरोघरी गेले. माणूस न्यूअर आहे का हे कसं ओळखत होते? डिंका भाषेत प्रश्न विचारून. नाव विचारून. आणि कपाळ बघून. मग बोर, मलाकाल, बेंतियू. तिथे बाजू उलटली, प्रश्न तेच. चार दिवसांनी अकोबोला संयुक्त राष्ट्रांच्या तळावर हल्ला झाला. तिथे आसऱ्याला आलेले लोक मारले गेले आणि आपले दोन जवानही. टीव्हीवर ती बातमी चार ओळींत आटोपली. मलाकाल शहर पुढे इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की शहर असं उरलंच नाही. पाच वर्षांत युद्धानं आणि त्याच्या पाठोपाठच्या भुकेनं गेलेले सुमारे चार लाख असा अंदाज नंतर आला. स्वतंत्र झाल्यापासून त्या देशात एकही सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. २०२४ च्या डिसेंबरची ढकलून २०२६ च्या डिसेंबरवर नेली. म्हणजे आमची ती दोन-नावी वही अजून तरी त्यांच्या मतदानाची शेवटची वही आहे.

मी डायरीतलं ते वाक्य शोधून काढलं. खोडलं नाही. खोडून काय होणार? आजीनं पूर्वज म्हटले होते ते खरंच होते, सुलतानानं साथ दिली तीही खरी. त्या पोराला त्या दिवशी देश मिळाला तो त्या नावांमुळेच. पण डिसेंबरात दारावर थाप मारून कुणी त्याच्याकडून हीच नावं वदवून घेतली असतील का, हा विचार आला की झोप उडते. कपाळ कोरं होतं त्याचं, तेवढाच दिलासा.

मास्तरचा फोन २०१४ च्या पावसाळ्यात आला, तीन वर्षांनी. नंबर इथिओपियाचा. मलाकालहून चालत, मग नदी ओलांडून, बायको आणि तीन मुलांसह तो गॅम्बेलाला पोचला होता, ज्या भागात त्याचं लहानपण छावणीत गेलं तिथेच परत. तब्येत, मुलं, पाऊस, सगळं विचारून झालं. त्याची आई वाचली का हे विचारायचा मला धीर झाला नाही, त्यानंही सांगितलं नाही. मग तो हसला. म्हणाला, "उस्ताज, काल इथं आमची नोंदणी झाली. टेबलामागे एक तरुण मुलगी होती. घाईत होती. म्हणाली, नाव आणि बापाचं नाव, दोनच सांगा."

"मग?"

"मी म्हटलं, बाई, लिही सावकाश. चारही लिही. मी थांबतो."